आवंढ्यापुरती सवड

'कंठी'च्या कोडमध्ये कुणीही बदल सुचवावा, कुणाला मज्जाव नाही. अट एकच, आधी नियमांचं पान वाचावं. आणि मुक्त प्रकल्पांत सगळीकडे होतं तेच इथेही होई. पान असल्याचं सगळ्यांना ठाऊक, वाचलेलं मात्र फारसं कुणी नाही. लग्नपत्रिकेतल्या 'कृपया आहेर आणू नये' या ओळीसारखी त्या पानाची गत.

सानिका साळुंखेने मात्र ते वाचलं होतं, आणि बारकाईने वाचलं होतं. एका वेळी एकच बदल पाठवा. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते लिहा. ज्या ओळीचं कारण कळत नाही ती काढण्याआधी विचारा. आपला बदल आपणच मंजूर करू नका. आणि शेवटी ठळक अक्षरांत : बोलण्यावर परिणाम होणार असेल, तर कंठी घालणाऱ्या एका तरी माणसाचा होकार हवा, त्याच्याच शब्दांत. हे सगळं तिने पाळलं, निदान पाळलं असं तिला वाटलं. म्हणूनच पुढे जे झालं ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं. नियम मोडून माती खाल्ली तर माणूस स्वतःला चार शिव्या देऊन मोकळा होतो. नियम पाळून खाल्लेल्या मातीचं काय करायचं, ते कुठल्याच पानावर नसतं.

कंठी म्हणजे गळ्याभोवती बसणारा बोटभर रुंदीचा मऊ पट्टा. कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं, त्यांच्यासाठी. माणूस बोलायच्या आधी त्याचा गळा बोलू लागतो. वाक्य मनात जुळलं की जिभेच्या, जबड्याच्या, गळ्याच्या स्नायूंना मेंदूकडून विजेचा बारीकसा निरोप जातो. स्वरयंत्र उरलं नाही तरी निरोप थांबत नाही. घर बंद झालं तरी त्या पत्त्यावर टपाल येत राहावं, तसा तो येतच राहतो. पट्ट्यातले संवेदक तो निरोप पकडतात, प्रोग्राम त्याचं वाक्य करतो, आणि पट्ट्यातला चिमुकला स्पीकर ते वाक्य त्या माणसाच्या जुन्या आवाजात बोलतो. हा प्रोग्राम मिरजेतल्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. मग गावोगावच्या लोकांनी त्यात हात घातला. विट्याची सानिका त्यांतलीच एक.

ती यात पडली ती आत्यासाठी.

उज्ज्वला साळुंखे विटा आगारात कंडक्टर होत्या. एसटीत कंडक्टर असण्याच्या काळातल्या शेवटच्या फळीतल्या. आता बॅटरीच्या गाड्या आल्या, तिकीट फोनवर आलं, आणि कंडक्टर गेले ते गेलेच. पण आत्याचा आवाज तिच्या गाडीच्या मार्गावरच्या लोकांना अजून आठवतो. 'मागचे पुढं सरका, पुढं काय देव बसलाय व्हय' ही तिची हाक खानापूरच्या फाट्यापर्यंत ऐकू जायची म्हणत. सानिका पहिलीत असताना तिची आई गेली. वडील मस्कतला गेले, आधी महिन्याला फोन, मग सणावाराला, मग तिकडेच दुसरा संसार. आत्याने लग्न केलं नव्हतं. भावाची पोर तिने पदरात घेतली आणि वाढवली, कधी आगारातल्या विश्रांतीच्या खोलीत झोपवून, कधी गाडीत पुढच्या सीटवर बसवून. निवृत्तीच्या दिवशी वर्कशॉपच्या लोकांनी भंगारात निघालेल्या गाडीची घंटी तिला भेट दिली, दोरीसकट. ती तिने स्वयंपाकघराच्या दाराला टांगली. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सानिकाला जेवायला बोलवायचं तर डबल बेल.

निवृत्तीनंतर वर्षभरातच आत्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. सानिकाने निवृत्तीच्या समारंभाच्या व्हिडिओतून तिचा आवाज उचलला आणि कंठीत घातला. आत्या पहिल्यांदा बोलली तेव्हा शेजारचे कदमकाका अंगणातून धावत आले होते.

पण कंठी मंद होती. वाक्य तयार झालं की पट्ट्यावरचा मोहरीएवढा हिरव्या दिव्याचा दाणा लागे, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग आवाज. तेवढ्या वेळात समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारून मोकळा. बाजारात आत्या 'वांगी कशी दिली' म्हणेपर्यंत वांगीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असे. आयुष्यभर गाडीभर माणसांना एका दमात हाकलणारी बाई, तिची चिडचिड व्हायची.

सानिकाने कोड उपसला आणि तिला ती ओळ सापडली. वाक्य तयार झाल्यावर पाऊण सेकंद थांबा, एवढंच तिच्यात लिहिलं होतं. का थांबा, ते नव्हतं. ओळ लिहिणारा विद्यार्थी केव्हाच प्रकल्प सोडून गेला होता, त्याचा पत्ता बंद. नियमाप्रमाणे सानिकाने चर्चेच्या पानावर विचारलं, 'हे थांबणं कशासाठी आहे, कुणाला माहीत आहे का?' एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. कुणी चकार शब्द काढला नाही. मौनं संमतिलक्षणम्, असं आपल्याकडे लग्नं ठरवताना म्हणतात. सानिका तेच धरून चालली आणि तिने ती ओळ काढली.

मग आत्याच्या गळ्यातल्या कंठीवर ते चढवून पाहिलं. आत्या बोलली आणि खुदकन हसली. तिचा होकार सानिकाने जसाच्या तसा नोंदवला : 'आता कसं, बेल मारली की गाडी सुटली.'

बदल तपासायला आला इरफान तांबोळीकडे. हा गृहस्थ बार्शीत राहायचा, दिवसा एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात कंठीचं. कुणीही काहीही पाठवलं की त्याचा पहिला प्रश्न एकाच शब्दाचा असे, 'का?' नवी पोरं त्याला घाबरत. सानिकाने त्याला आत्याची आणि वांगीवालीची गोष्ट लिहिली. त्याने होकार दिला, बदल मुख्य कोडमध्ये सामील झाला. ज्या दाण्याचं काम फक्त त्या थांबण्याच्या वेळात होतं, तो दाणाही सानिकाने त्याच बदलात बंद करून टाकला. खरं तर हे दोन बदल झाले. पण इतकं कोण बघतं.

कौतुक दणक्यात झालं. लातूरला केळ्यांचा गाडा लावणारे बब्रुवान शिंदे यांनी निरोप पाठवला, 'पोरी, आता मी घासाघीस करायलो बघ.' नॉर्वेतल्या एका प्रयोगशाळेने सानिकाचं काम पाहिलं आणि तिला दोन वर्षांसाठी बोलावलं. अशाच यंत्रांवर काम, हाताशी सगळी साधनं. विट्यात बसून दुसऱ्यांचे कोड निस्तरणाऱ्या मुलीला आणखी काय हवं. तिने ते पत्र इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. आत्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मधल्या दिवसांत घरात गमती होत होत्या. कदमकाकू दारात दिसल्या आणि आत्याच्या गळ्यातून आवाज आला, 'आली बया, आता तासभर उठायची न्हाई.' काकू हसल्या, पण चहा न घेता गेल्या. दूधवाल्याला ती म्हणाली, 'पाणीबी तुझ्याच विहिरीचं का रं?' त्याने दुसऱ्या दिवशीपासून दूध दारात ठेवून पळायला सुरुवात केली. सानिका पोट धरधरून हसली. आत्या हसत नव्हती, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

एका दुपारी दोघी स्वयंपाकघरात खाली बसून शेंगा फोडत होत्या. चटणी करायची होती. सानिकाने मान वर न करताच विषय काढला.

"आत्या, नॉर्वेवाल्यांनी बोलावलंय. दोन वर्षं. जाऊ का?"

तिचं वाक्य संपलं न संपलं तोच उत्तर आलं. निवृत्तीच्या व्हिडिओतल्या त्याच खणखणीत आवाजात.

"नको जाऊस. तुझा बापबी असाच गेला."

सानिकाने वर पाहिलं. आत्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. आपल्या मागे उभं राहून दुसरंच कुणी बोललं असावं, तशी ती भांबावली होती. तिचा हात गळ्याकडे गेला. तिने कंठीची कडी काढली, पट्टा शेंगांच्या टरफलांत ठेवला आणि उठून परसात गेली.

त्यानंतर आत्याने कंठी घातली नाही. विचारलं तर मान फिरवायची. लागलंच तर दाराला टांगलेली घंटी होती. चहा हवा, दोन टोले. साखर पुरे, एक टोला. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचं घर एका घंटीवर आलं, आणि सानिकाला अन्न गोड लागेना. आपल्यामुळे आत्या मुकी झाली, दुसऱ्यांदा झाली, आणि या वेळी कुठल्या डॉक्टरने नाही, आपण केली, हे तिला खात होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या मनात जाण्याची ओढ तशीच होती. त्या ओढीचीही तिला लाज वाटत होती.

शेवटी तिने नॉर्वेला नकार लिहायला घेतला. लिहून झाल्यावर आत्यापुढे बसून मोठ्याने वाचला.

"मी नाही जात. झालं?"

आत्या ताडकन उठली. दारापाशी जाऊन तिने दोरी ओढली. टण. एकच.

"थांब काय थांब? तूच म्हणालीस ना, नको जाऊस म्हणून?"

आत्या तिच्यासमोर येऊन बसली. सानिकाची हनुवटी धरून तिने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द नुसत्या ओठांनी सावकाश उमटवला. सानिकाला तिचे ओठ वाचता येत होते. ऑपरेशननंतरचे कित्येक महिने दोघींनी त्यावरच काढले होते.

'त्ये मी बोलले न्हाई.'

"मग कोण बोललं?"

आत्याने आपल्या गळ्यावर बोट ठेवलं. मग आवंढा गिळून दाखवला. मुद्दाम, मोठा. आणि पुन्हा ओठांनी म्हणाली, 'गिळणार हुते मी.'

सानिकाने लॅपटॉप ओढला आणि जुना कोड उघडला, या वेळी घाई न करता.

आपण बोलतो ते पहिलं मनात आलेलं नसतं. वाक्य जुळतं, निरोप सुटतो, गळा तयार होतो, आणि तरीही हातात एक लगाम उरतो. श्वास सोडून आवाज काढेपर्यंत ते वाक्य आपलंच असतं, परत घेता येतं. जिभेच्या टोकावर आलेलं आपण दिवसातून कितीतरी वेळा गिळतो. सूनबाई गिळतात, सासूबाई गिळतात, साहेबापुढे कारकून गिळतो, आणि म्हणून घरं टिकतात. पण स्वरयंत्र गेलेल्या माणसाला हा लगाम राहत नाही. त्याचा निरोप सुटला की कंठीने पकडलाच. मिरजेच्या त्या अनोळखी विद्यार्थ्याने हे ओळखलं होतं. त्याची पाऊण सेकंदाची ओळ म्हणजे आळस नव्हता, लगाम होता. कोडमध्ये दुसरीकडे आवंढ्याच्या हालचालीवर नजर ठेवणारा एक तुकडा होता. तो सानिकाने पाहिला होता. गिळण्याच्या हालचालीने शब्दांत कचरा मिसळू नये म्हणून लावलेली ती चाळणी असेल, असं तिला वाटलं होतं. तो तुकडा फक्त एवढंच करत होता : दाणा लागल्यावर माणसाने आवंढा गिळला, तर ते वाक्य टाकून द्यायचं. कायमचं, कुठेही न साठवता.

आत्याला यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. ती आपली जन्मभर गिळत आली तशी गिळत होती, आणि कंठी निमूट तिचं ऐकत होती. सानिकाने ओळ काढली तेव्हा कंठी वेगवान झाली, आणि आत्याच्या तोंडाचं दारच निघालं.

तिने इरफानला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"माझीबी मंजुरी आहे त्याच्यावर," तो म्हणाला. "मी 'का?' विचारलं, पण तुम्ही का काढता एवढंच विचारलं. त्या पोरानं मुळात का घातलं, हे नाही विचारलं."

"मग परत घालू या. आजच."

"असं कसं? नियम जायला वेगळा आणि यायला वेगळा का? बोलण्यावर परिणाम होतोय. हजारो माणसं त्या वेगावर खूश आहेत, सानिका. त्यांच्यापुढं काय ठेवणार? तुमच्याच आत्यांचा होकार तिथं लिहिलाय, गाडी सुटली म्हणून. आता ज्यांच्या गळ्यात कंठी आहे त्यांच्यापैकी कुणी तरी सांगायला हवं, हे नको म्हणून. त्यांच्याच शब्दांत."

"तिने कंठी काढून ठेवलीय."

"मग अडलंच की," इरफान म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अडवणुकीचा आनंद नव्हता.

सानिकाने जुना प्रोग्राम कंठीवर पुन्हा चढवला. आपल्या यंत्रात आपण काय वाटेल ते घालावं, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. मग ती पट्टा घेऊन परसात गेली. आत्या कढीपत्त्याला पाणी घालत होती.

"आत्या, मी तुला वेग कसा वाटतो एवढंच विचारलं. काय गेलं ते विचारलंच नाही. मला माहीतच नव्हतं." ती बोलता बोलता थांबली, कारण पुढचं बोलायला तिला स्वतःलाच आवंढा गिळावा लागला. "हा दाणा परत आणलाय. हा लागला की समज, वाक्य तयार आहे. तेवढ्यात गिळलंस की ते गेलं. कुणालाही कळणार नाही काय होतं ते."

'तुलाबी न्हाई?' आत्याच्या ओठांनी विचारलं.

"मलाही नाही."

आत्याने हात पदराला पुसले. पट्टा घेतला, गळ्यात घातला, कडी लावली. दाणा लागला. तिच्या गळ्याची हालचाल झाली, दाणा विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा दाणा लागला आणि त्याच्यामागून आवाज आला.

"च्या टाक."

सानिकाला हसू आलं आणि रडू आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी कंठीची बैठक भरे. कोड लिहिणारे आणि कंठी घालणारे, सगळे आपापल्या घरून पडद्यावर येत. त्या रविवारी सानिकाने आपला बदल मांडला : मीच काढलेली ओळ मला परत घालायची आहे. लातूरच्या बब्रुवान शिंद्यांनी लगेच हरकत घेतली. त्यांच्या कंठीला थांबणं नव्हतंच, त्यामुळे त्यांचं बोलणं गाड्यावरच्या हाळीसारखं धाडधाड येत होतं.

"गिऱ्हाइक थांबत न्हाई, ताई. त्यो दाणा लागेस्तवर माजं केळं पिकतंय. तुमच्या आत्याबाईला काय, घरात बसून बोलायचं."

आत्याच्या गळ्यावर दाणा लागला आणि विझला. मग ती बोलली.

"दादा, मी तीस वरीस एसटीत कंडक्टर हुते. लोकांस्नी वाटतं कंडक्टरला तोंड लागतं. तोंड सगळ्यांनाच असतंय. कंडक्टरला गिळता यावं लागतं. दारुडा अंगावर येतो, सुट्ट्यावरनं कुणीबी आई काढतं. एक बाई रोज इनातिकीट चढायची, तिच्यावर वरडायला तोंड उघडलं की दिसायचं, पोरगं तापानं फणफणलंय. मनात आलेलं सगळं बोलले असते तर पयल्याच दिवशी गाडी फाट्यावर उभी ऱ्हायली असती."

आत्याने सानिकाकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच पाहत राहिली.

"ही माझ्या भावाची पोर. मीच वाढवली. तिनं इचारलं परदेशी जाऊ का, आन् माझ्या गळ्यातनं आलं, नको जाऊस. खरं सांगते, मनात पयलं त्येच आलं हुतं. खोटं न्हवतं. पर पयलं येतं त्ये माझं भ्या हाय. त्ये गिळून जे बोलते, त्ये मी हाय. ह्या पट्ट्यानं माझं भ्या बोलून दावलं आन् मला बोलूच दिलं न्हाई. मला माझा आवाज नुसता मोठा नको. माझा माझ्या हातात पायजे."

बब्रुवान शिंदे गप्प झाले होते. त्यांच्या कंठीला गप्प राहणं जमत नव्हतं, त्यामुळे ते गप्प झाले हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आणि मग त्यांच्या गळ्यातून, कदाचित त्यांच्या मनात नसताना, आवाज आला.

"परवा बायकूला एक बोललो. आता काय केलं तर परत घेता येईना."

त्यांनी मान खाली घातली.

ठरायला फार वेळ लागला नाही. थांबणं परत आणायचं, पण किती थांबायचं ते कंठी घालणाऱ्याच्या हातात द्यायचं, पट्ट्याच्या कडेवर एका छोट्या खटक्याने. "गाड्यावर काहीच नको, घरी पुरं ठिवायचं," शिंद्यांनी लगेच आपला हिशेब जाहीर केला, आणि सगळे हसले. पण काही सांगितलं नसेल तर थांबणं असायलाच हवं, आणि त्या ओळीच्या डोक्यावर ती कशासाठी आहे हे लिहायलाच हवं, यावर एकमत झालं. दाणा वेगळ्या बदलात आणा, असं इरफानने सानिकाला बजावलं. एका वेळी एकच.

"आणखी एक," तो म्हणाला. "चुकलं ते माणसांचं, पण नियमांच्या पानातबी भोक होतं. आत्या, तुम्हीच सांगा काय लिहायचं."

आत्याने विचार केला. दाणा लागला, विझला, लागला.

"लिवा. कुणी उत्तर दिलं न्हाई म्हंजी त्यानं हो म्हटलं असं न्हवं."

"जरा प्रमाण भाषेत करून घेऊ का?"

"का?" आत्याने विचारलं.

तांबोळीला त्याचा स्वतःचा प्रश्न पहिल्यांदाच कुणी परत केला होता. ती ओळ पानावर आत्याच्याच शब्दांत गेली, आणि आजही तशीच आहे. लोक अजूनही ते पान फारसं वाचत नाहीत. पण ती ओळ मात्र एकमेकांना ऐकवतात.

नॉर्वेला कळवायची मुदत संपत आली होती. नकाराचं पत्र सानिकाने पाठवलं नव्हतं, होकाराचं लिहिलं नव्हतं. बैठकीनंतरच्या आठवड्यात एका दुपारी दोघी पुन्हा स्वयंपाकघरात होत्या. आधीची चटणी संपली होती, पुढ्यात शेंगा होत्या.

सानिकाच्या मनात आलं, विचारूच नये. एकदा विचारून झालंय, उत्तर मिळालंय, मग सावरलेलंही उत्तर मिळालंय. पण आत्या ते चारचौघांत बोलली होती. तिच्याशी एकटीशी नव्हती बोलली. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"आत्या. जाऊ का?"

हिरवा दाणा लागला.

सानिका त्याच्याकडे पाहत राहिली. त्या मोहरीएवढ्या उजेडात काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिला कधीच ऐकू येणार नव्हतं. आत्याच्या गळ्याची घडी हलली. दाणा विझला. पुन्हा लागला, आणि आत्याने पुन्हा गिळलं. या खेपेला तिला जड गेलं, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दाणा विझला. आपल्यासाठी कुणी इतकं काही गिळताना सानिकाने आजवर पाहिलं नव्हतं. रोज तिच्यासमोर ते होत आलं होतं, फक्त दाणा नव्हता.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. दारापाशी गेली. घंटीची दोरी तिने मुठीत धरली आणि ओढली.

टण.

सानिकाने डोळे मिटले. एक टोला म्हणजे थांब. त्या टोल्याचा नाद भांड्यांत फिरला, मंद होत गेला. गेला तो वेळ पाऊण सेकंदाहून जास्त नसेल.

मग आत्याने दुसरा टोला दिला.